बिडीच्या पायी संत्रं गेलं

नंदनवन, नागपूर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, उपासाचं पोट

चिरंजीव मार्तंड यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र कोणाचं म्हणून पाकीट उलटंपालटं करत बसू नकोस. तुला एक बहीण आहे, तिचं नाव कुसुम, ती नागपुरात राहते आणि अजून जिवंत आहे. एवढं आधी सांगून टाकलेलं बरं, कारण तुझ्या विसराळूपणाचा आता काही नेम राहिला नाही. मागल्या खेपेला आलास तेव्हा तू कवळी आमच्या फ्रीजवर विसरून गेलास, आणि ते तुला थेट काटोलला ताट पुढे आल्यावर समजलं. माणसं छत्री विसरतात, पिशवी विसरतात. तोंड विसरून जाणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच.

तुझी प्रकृती कशी आहे? प्रेमलताच्या गुडघ्याला आराम पडला का? (तिला सांग, तेल चोळून काही होत नाही, पण चोळणारा नवरा दोन घटका घरात बसतो, तेवढा फायदा.) विहिरीला पाणी आहे ना? गाय व्याली असेल तर कालवड की गोऱ्हा, ते कळव. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तुझा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो आणि माझं बोलणं बागेतल्या सगळ्या बायांना ऐकू जातं. म्हणून मयुराला समोर बसवलं आहे. मयुरा म्हणजे मनोहरची मुलगी, तुझी नात. विसरला असशील म्हणून सांगते. मला अक्षर येत नाही, तिला येतं, पण ती माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून लिहिते. मी ‘काहून’ म्हटलं की ती ‘का’ लिहिते. लिहू दे. पुढे मी वंदनाकडून सगळं मोठ्यानं वाचून घेणार आहे, म्हणजे पोरीनं पदरचं काही घातलं असेल तर सुनेच्या तोंडून बाहेर पडेल.

पत्रास कारण तसं खास नाही. आमच्याकडे सगळं ठीक आहे. फक्त मनोहरनं बिडी सोडली आहे आणि माझ्या जिवाला घोर लागला आहे.

तू म्हणशील, पोरानं बिडी सोडली तर आईनं पेढे वाटावे, ही घोर काय लावून बसली? अरे, तो ओढत होता तेव्हा मला एकच काळजी होती, की ओढतो. आता ओढेल का, ओढली का, कुठं ओढली, कोणी दिली, अशी त्या एका काळजीला पिल्लं झाली आहेत आणि सगळी माझ्याच अंगावर खेळतात. तो बाहेरून आला की मी सदऱ्याचा वास घेते. तो मोरीत गेला की मी कान लावते. कोणी नुसती काडी ओढली तरी मी उठून पाहायला जाते.

आणि हा काही हौसेचा कारभार नाही. मनोहरचे वडील, आमचे गणपतराव, बिडीपायी कसे गेले ते तू पाहिलंस. शेवटी शेवटी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर नाकातली नळी आणि मागून टाकी, जसं वासरामागं दावं. तेरावं झाल्यावर मनोहर जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागला. म्हणायचा, ‘मोबाइल पाहून राहिलो आई.’ मोबाइल खिशात होता. वंदनानं त्याला डॉक्टरकडे ओढून नेलं. तिथं एका नळीत जोरानं फुंकायला लावतात आणि यंत्र कागदावर डोंगर काढतं. ज्याचा श्वास चांगला, त्याचा डोंगर उंच. मनोहरचं वारूळ निघालं. डॉक्टर म्हणाले, वडिलांचे कागद आणि तुमचे कागद शेजारी ठेवले तर नाव तेवढं वेगळं आहे. आज सोडली तर आहे ते फुप्फुस सांभाळता येईल. नाही सोडली तर ती टाकी घरात आहेच. (टाकी आम्ही परत केली होती, पण डॉक्टरला काय माहीत. मला मात्र तिची जागा अजून दिसते, फरशीवर गोल डाग आहे.)

मग भाद्रपदात आम्ही गणपतरावांचं करायला गयेला गेलो. तिथं पिंड झाल्यावर एक फळ आणि एक भाजी कायमची सोडायची, ही रीत तुला ठाऊक आहे. तू तुझ्या वेळी फणस सोडलास, उभ्या जन्मात तुझ्या ताटात फणस पडला नव्हता. वंदनानं ड्रॅगन फ्रूट सोडलं, पंड्याला ते काय असतं तेच कळेना, मोबाइलवर फोटो दाखवावा लागला. मनोहर मात्र बापाचा खरा लेक. त्यानं गाडीतच मनाशी ठरवलं होतं. हात जोडून म्हणाला, ‘मी बिडी सोडली.’ पंडा म्हणतो, ‘यजमान, बिडी कोई फल है क्या? फल बोलो, पीछे लोग खडे हैं.’ मनोहर गांगरला. आता तू सांग, जो माणूस पहाटेपासून दुपारपर्यंत कळमन्याच्या बाजारात एकाच फळाचं नाव घेतो, त्याच्या तोंडातून घाईत दुसरं काय निघणार? ‘संत्रा’ म्हणाला. पंड्यानं हातावरून पाणी सोडायला लावलं आणि पुढच्याला हाक मारली. झालं. संत्र्याच्या व्यापाऱ्यानं संत्रं सोडलं. हलवायानं साखर सोडल्यासारखं. भाजी विचारली तेव्हा पडवळ म्हणाला, तेवढी शुद्ध आली होती.

परत आल्यावर घराचं जे झालं ते काय सांगू. वंदनानं सगळ्या काडेपेट्या कपाटात घालून कुलूप लावलं. मी दिवा लावायचा तर सुनेकडे एक काडी मागायची, आणि जळून झाली की विझलेली परत दाखवायची. उदबत्ती बंद, कारण धुरानं त्याला आठवण येते. आमचे देव सध्या बिनधुराचे आहेत. मनोहर एकदा भाजीत मीठ कमी म्हणून चिडला, मग मीठ जास्त म्हणून चिडला, भाजी तीच होती. हाताला चाळा हवा म्हणून त्यानं मिक्सर उघडला आणि परत जोडला. एक स्क्रू उरला. तो कुठला ते अजून कोणाला माहीत नाही, चटणी वाटताना मी दाराबाहेर उभी राहते. तिकडे बाजारात तर विचारूच नको. माल चाखल्याशिवाय घेता येत नाही, आणि याला चाखता येत नाही. मग भागीदार मुकुंदनं चाखायचं ठरलं. मुकुंदच्या तोंडात सकाळपासून खर्रा, सुपारी-तंबाखूनं जीभ सोलून निघालेली, त्याला निरमा दिला तरी गोड म्हणेल. त्यानं मान डोलावली आणि दोघांनी गाडीभर आंबट माल घेतला.

(मयुरा म्हणते, आजी, मुद्द्यावर ये. अगं, मी मुद्द्याच्याच वाटेवर आहे, पण या वयात वाटेत बसावं लागतं.)

दवाखान्यात तंबाखू सोडणाऱ्यांची बैठक भरते. घरचं एक माणूस सोबत आणा म्हणतात. वंदनाला शाळा, म्हणून मी गेले. तिथली अरुंधती नावाची बाई, मयुराहून थोडी मोठी असेल, मला वाटलं आता ही भाषण देईल. तिनं काही दिलं नाही. एकेकाला नुसतं विचारलं, सगळ्यात जास्त आठवण कधी येते? कोणी म्हणालं चहा झाल्यावर, कोणी म्हणालं बायको बोलायला लागल्यावर. मनोहर म्हणाला, ‘माल उतरून झाला की. तेव्हा कोणी ना कोणी खांद्यावर हात ठेवून बिडी पुढं करते.’ मी त्याची आई, इतकी वर्षं त्याचा सदरा हुंगते आहे, आणि मला हे माहीत नव्हतं.

अरुंधती म्हणाली, तलफ येते ती काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतवायचं. पाणी प्या, कोणाला फोन लावा, नाहीतर सावकाश एक संत्रं सोला. आणि टेबलावर टोपलीच ठेवली! नागपुरात दुसरं काय ठेवणार? सगळे सोलू लागले. खोलीभर तो वास. माझा व्यापारी लेक दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. गयेची गोष्ट सांगितली तेव्हा ती पोरगी हसून हसून लाल झाली, मग त्याचं तोंड पाहून तिनं टोपली त्याच्यापुढून उचलली. तिनं त्याची एकाशी जोडी लावून दिली. प्रशिक म्हणून आहे, ऑटो चालवतो, खर्रा सोडलेला. तलफ आली की दोघांनी एकमेकांना फोन करायचा. मी ऐकते ना त्यांचं बोलणं. ‘काका, पाणी पेले का?’ ‘पेलो.’ ‘जेवाले काय होतं?’ ‘वांग्याची भाजी.’ ‘आमच्याइकडेही वांगेच.’ एवढंच. पण तेवढं बोलून मनोहरचा चेहरा उतरलेला वर येतो. तुझे-माझे तासन्‌तासाचे फोन त्यापुढं वाया गेले म्हणायचे.

बैठकीतून बाहेर आलो तर समोर पानठेला. मनोहरचे पाय तिथंच थांबले. मी नुसती जाऊन ठेल्याच्या बाकड्यावर बसले, कारण गुडघे थांबू देत नव्हते. ठेलेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मनोहरकडे पाहिलं, आणि पुढं केलेला बिडीचा कट्टा हळूच मागं घेतला. बाकीचे दोघं-तिघं पेटलेल्या बिड्या पाठीमागं लपवून उभे! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मनोहर आता आजोबा व्हायला आला, त्याच्या बिडीची गोष्ट साऱ्या नंदनवनाला ठाऊक, पण त्यानं उभ्या आयुष्यात माझ्यासमोर एक ओढली नाही. मी खोलीत आले की बिडी खिडकीबाहेर. म्हणजे औषध घरातच होतं. मीच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्यासोबत कळमन्याला निघाले. तो म्हणाला, ‘आई वं, तू काहून येतं बाजारात?’ मी म्हटलं, ‘हवा खायले.’ कळमन्याला, गाड्यांच्या धुरात. संत्र्याच्या शेडमध्ये क्रेट उलटा घालून बसले, माळ ओढत. आणि मार्तंडा, काय सांगू, सारी रांग सुधारली! व्यापारी, दलाल, हमाल, सगळे मला ‘काकू, काकू’ म्हणणार आणि बिडी मुठीत लपवणार. एकानं तर घाईनं पेटती बिडी खिशात घातली आणि लिलाव चालू असताना त्याचा खिसा धुमसू लागला. लोकांना वाटलं, बोली वाढवायला नाचतो आहे. असे काही दिवस गेले आणि मंडळींचं शिष्टमंडळ माझ्या क्रेटपुढं आलं. मुकुंदच पुढारी. ‘काकू, तुमच्या वयाले हे उन्हातान्हाचं बसणं बरं नाही. आम्हाले पाहवून नाही राहिलं.’ मी म्हटलं, ‘मले तर तुमचं ओढणं पाहवून नाही राहिलं, मी बोलली का?’

पण गुडघ्यांनी मुकुंदचं ऐकलं. एक दिवस उठताच येईना. मी घरी राहिले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मनोहर आला तो तोंडात मूठभर बडीशेप घेऊन. मी सदरा हुंगलासुद्धा नाही. तो आपणहून माझ्या खाटेशी येऊन बसला आणि म्हणाला, ‘आई, एक ओढली. ट्रकच्या मागं.’ एवढा मोठा माणूस, टक्कल पडलेला, आणि खालच्या मानेनं फरशीकडे पाहतो आहे. बरोबर त्या गोल डागाकडे. मी उशाजवळचा फोन त्याच्या हातात दिला. अरुंधतीनं फोनवर त्याला सांगितलं, एक ओढली म्हणून सगळं वाया गेलं असं धरायचं नाही, आत्तापासून परत सोडायला लागायचं, आणि ज्या जागी ती मिळाली ती जागा काही दिवस टाळायची. प्रशिक तर ऑटो घेऊन घरीच आला आणि आमची वांग्याची भाजी जेवून गेला. तेव्हापासून मनोहरनं परत हात लावलेला नाही. असं तो म्हणतो. मी मानते. तरी हुंगते.

तर असं आहे सगळं. संत्र्याचा आंबिया बहार निघतो आहे, पुढच्या आठवड्यात मनोहर तुझी बाग पाहायला आणि माल तोडून घ्यायला काटोलला येईल, नेहमीसारखा मुक्कामी राहील. त्याला झोपायला जाड पांघरूण दे. बाकी विशेष काही नाही. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, गाईला एक मूठ ढेप जास्त.

तुझी
कुसुमताई
(नाव मयुराच्या हातचं, अंगठा माझा.)

ता. क. विशेष काही नाही असं वर दोनदा लिहवून घेतलं, ते खरं धरू नकोस. खरं ते इथं आहे. मी काटोलला येऊ शकत नाही, टेम्पोच्या पायरीला माझा पाय पोचत नाही. आणि साऱ्या वडीलधाऱ्यांत तू एकटा असा आहेस की ज्याच्यासमोर मनोहर बिनघोर ओढतो. काहून, तर पहिली तूच दिलीस, पंपाच्या खोलीमागं, तो कॉलेजात होता तेव्हा. तुम्हाला वाटतं मला माहीत नाही. तू त्याचा मामा कमी आणि सोबती जास्त झालास, आणि त्याचा मला कधी राग आला नाही, कारण बापाशी बोलत नसे ते तो तुझ्याशी बोलायचा. पण आता तुम्ही दोघं त्या झाडाखाली खाटा टाकाल, माल उतरेल, आणि तू सवयीनं खांद्यावर हात ठेवून कट्टा पुढं करशील. तिथं माझा क्रेट नाही. तेव्हा मार्तंडा, एवढं कर. त्याचा सोबती राहा, पण बिडीपुरता त्याचा मामा हो. मोठा हो. असा मोठा, की तू समोर आलास तर त्यानं बिडी लपवावी. आणि तसं व्हायचं तर तुझ्या हातात बिडी असून चालत नाही, हे मी तुला सांगायला नको.

ता. क. हे फक्त मनोहरसाठी नाही. तू फोनवर बोलता बोलता फोन दूर धरून खोकतोस. तुला वाटतं ताईला ऐकू येत नाही. मला अक्षर वाचता येत नाही, खोकला ऐकू येतो. तसाच खोकला मी या घरात पुष्कळ वर्षं ऐकला आहे, आणि तो पुढं कुठं जातो ते मला माहीत आहे. प्रशिकचा नंबर मयुरा खाली लिहून देते आहे. त्याला मी विचारलं, आणखी एक म्हातारा घेशील का? म्हणाला, ‘काटोलचे मामा न? लावा म्हणा फोन, मी जेवाले का होतं ते इचारतो.’ (मयुरा, ‘विचारतो’ करू नको, तो असंच म्हणाला.)

ता. क. संत्र्याचं सांगायचं राहिलं. देवळातल्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले गयेला सुटलं ते सुटलं. म्हणून मी गणपतरावांच्या फोटोपुढं उभी राहिले आणि म्हटलं, पंड्यानं बिडी मोजली नाही, पण तुम्ही मोजा. बिडी सोडणं काय असतं ते तुमच्याहून कोणाला जास्त कळणार? त्याची बिडी तुम्हाला पोचली असं धरा, आणि त्याचं संत्रं त्याला परत द्या. हिशेबात काही कमी पडत असेल तर त्याच्याऐवजी मी संत्रं सोडलं. बाप असून ते काही बोलले नाहीत, म्हणजे कबूल. (मला संत्रं किती आवडतं हे तुला माहीत आहे, त्यावर रडू नको. मोसंबी आहे.) तेव्हा मनोहर येईल तेव्हा त्याच्या हाती बाजारचा रंगीत माल देऊ नकोस, त्याची साल सैल असते, हात लावला की निघते आणि तलफ मागं उरते. तुझ्या बांधाकडच्या झाडाची दे, घट्ट सालीची, ज्यांना गिऱ्हाईक मिळत नाही आणि जी सोलता सोलता नखं दुखतात. पोतंभर दे. आणि पहिलं तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून, सावकाश सोलून खायचं.